पप्पा सीमेवर आहेत, मी पुण्याचा फॉर्म भरू का?

आदरणीय मावशी,

मी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात राहते. यंदा, २०२५ ला, बारावी सायन्स झाले. माझे पप्पा फौजेत हवालदार आहेत, सध्या जम्मूच्या बाजूला फिल्डवर. मेच्या सुरुवातीला ते महिन्याच्या सुट्टीवर येणार होते, पण पहलगामच्या हल्ल्यानंतर सुट्टी रद्द झाली.

माझी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी २७ एप्रिलला सकाळच्या सत्रात होती. त्या पेपरात गणिताचे प्रश्न चुकले म्हणून ५ मेला आमची फेरपरीक्षा झाली, आणि त्याच दिवशी दुपारी एकला बारावीचा निकाल लागला. मला ८७ टक्के पडले. मामाची कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. लहानपणापासून तिथली भट्टी बघत आले, म्हणून मला मेटलर्जी, म्हणजे धातूंचं इंजिनिअरिंग, करायचंय. त्या संध्याकाळी मोबाइलमध्ये कॉलेजांची यादी केली. पहिलं नाव सीओईपी, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज. मम्मी म्हणाली, पप्पांचा फोन आला की पेढे आणू. फोन आलाच नाही. सहा तारखेच्या रात्री ऑपरेशन सिंदूर झालं आणि पुढचे चार दिवस मम्मी टीव्हीसमोरून उठली नाही. ११ तारखेला पप्पांचा दोन मिनिटं फोन आला. निकाल विचारला. मी म्हटलं, पास झाले. टक्के सांगावेसे वाटलेच नाहीत. मागे मम्मी रडत होती.

आता मैत्रिणी हॉस्टेल आणि ब्रँचचं बोलतात तेव्हा मला त्यांच्यात बसायची लाज वाटते. पप्पा तिकडे आणि मी इकडे ब्रँच निवडत बसू? मी ती यादी डिलीट केली. काका म्हणतात, फौजीची पोरगी आहेस, लष्करात अधिकारी हो, एनडीएचा फॉर्म भर. आजी म्हणते, आईला एकटीला टाकून पुण्याला जाऊ नको, साताऱ्याला बीएससी कर, एसटीने ये-जा कर. भाऊ सातवीत आहे. मम्मी काहीच म्हणत नाही. पप्पा फोनवर विचारतात, पुढचं काय ठरवलंस? मी म्हणते, बघू. गोळीबार थांबलाय, पण पप्पांना अजून सुट्टी नाही. अशा वेळी स्वतःसाठी काही मागणं चुकीचं आहे का?

— एक मुलगी, कोरेगाव तालुका

पोरी,

आधी तुझं अभिनंदन, कारण ते नीट कुणी केलंय असं पत्रावरून वाटत नाही. परीक्षा घेणाऱ्यांच्या चुकीपायी सकाळी पुन्हा गणिताच्या पेपरला बसायचं आणि दुपारी एकला निकालाची वेबसाइट उघडायची, या गडबडीत भले भले घाबरतात. यंदा राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला. तेव्हा पास झालेल्यांना तोटा नाही, पण फिजिक्स-केमिस्ट्री-गणित घेऊन ८७ टक्के मिळवणाऱ्या मुलीने ‘पास झाले’ एवढ्यावर बोळवण करू नये.

तू विचारलंस, स्वतःसाठी मागणं चुकीचं आहे का. नाही. उत्तर एवढंच आहे, पण एवढ्याने तुझी लाज जायची नाही हे मला कळतं, म्हणून जरा लांबून येते.

पत्रात तू एक गोष्ट ओघात लिहून गेलीस, मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. यादी केलीस ती पाच तारखेच्या संध्याकाळी. तेव्हाही पप्पा सीमेवरच होते. पहलगाम होऊन तेरा दिवस झाले होते, त्यांची सुट्टी रद्द झालेली होती, देशभर मॉक ड्रिल घ्या असा केंद्राचा आदेशही त्याच दिवशी निघाला होता. काय होऊ शकतं याची कल्पना तुझ्या घरात सगळ्यांना होती, तुलाही होती. तरी तू मेटलर्जी लिहिलंस. मग दोन दिवसांत बदललं काय? तुझे मार्क तेच राहिले. भट्टीतून वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना बघायची तुझी ओढही तीच राहिली. वाढली ती भीती. आणि भीती वाढली की माणूस देवाला काहीतरी देऊ करतो. कुणी पायी वारी बोलतं, कुणी गोड सोडतं. तू यादी डिलीट केलीस. तो नवसच आहे: मी पुण्याला जात नाही, माझ्या पप्पांना सुखरूप ठेव. तू तो मनातल्या मनात बोलली असशील, कदाचित आपण बोललो हे तुलाही कळलं नसेल.

नवस बोलणाऱ्यांना मी हसत नाही, मीही त्यांच्यातलीच. पण हा नवस फेडायला तुला चार वर्षं लागतील, आणि पलीकडच्या तोफा तुझ्या ॲडमिशनकडे बघून थांबत नाहीत की सुटत नाहीत. पप्पांच्या सुरक्षेचा आणि तुझ्या ब्रँचचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे वाक्य वाचायला कठोर वाटेल, पण तुला मोकळं करणारंही तेच आहे.

१९७१ च्या डिसेंबरात मी मुंबईत अकरावीला होते. तेव्हा मॅट्रिकची परीक्षा अकरावीला असायची. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, गाड्यांचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले, भोंगा झाला की सगळी चाळ अंधारात. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा भाऊ नौदलात होता. तो दुसऱ्या जहाजावर आहे, सुखरूप आहे, हे घरी कळायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत ती रोज रात्री आमच्या खोलीत येऊन मॅट्रिकची गणितं सोडवायची. चाळीतल्या बायका तिला निगरगट्ट म्हणत. भाऊ कुठे आहे ठाऊक नाही आणि ही बीजगणित करतेय! तिने मला सांगितलं होतं, गणित करत असते तेवढा वेळ जिन्यावरच्या पावलांकडे कान नसतो. तारवाला वर येतोय का, हे बाकी सगळा वेळ ऐकावं लागायचं.

ती मार्चमध्ये परीक्षेला बसली. भाऊ सुखरूप होता म्हणून बसली असं नाही. फॉर्म आधीच भरलेला होता.

आता जरा दूरचं सांगते. युद्ध ज्यांच्या थेट छपरावर आलंय, ती तुझ्या वयाची मुलं काय करतायत? युक्रेनमध्ये शाळा अकरावीला संपते. २०२२ मध्ये रशियाचा हल्ला झाला तेव्हा नेहमीची प्रवेश परीक्षा घेणं अशक्य झालं. सरकारने ती रद्द केली आणि मोजक्या विषयांची, कॉम्प्युटरवरची एक छोटी परीक्षा त्याच उन्हाळ्यात घेतली. ती अजून तशीच चालू आहे. पेपर सुरू असताना भोंगा वाजला की मुलं तळघरात जातात, धोका टळला की परत येऊन उरलेले प्रश्न सोडवतात. खारकीव्ह शहर सरहद्दीच्या इतकं जवळ आहे की तिथे २०२३ पासून मेट्रोच्या स्टेशनांत वर्ग भरायला लागले, आणि पुढच्या वर्षी मुद्दाम जमिनीखाली बांधलेली शाळाच सुरू झाली. चेर्निहीव्हमध्ये २०२२ च्या जूनला शाळा संपवणाऱ्या मुलामुलींनी निरोपाच्या दिवशी खांद्यावर घालतात त्या पट्ट्या घालून, कोसळलेल्या इमारतींत आणि जळक्या रणगाड्यांवर उभं राहून फोटो काढून घेतले. ते फोटो जगभर फिरले. कुणी त्यांनाही निगरगट्ट म्हटलं असेल. मला त्यात एक हट्ट दिसतो: हे आमचं वर्ष आहे, ते आम्ही मोजणार.

तिथल्या मुलग्यांपुढे आणखी एक पेच होता. २०२२ पासून अठरा पूर्ण झाली की देशाबाहेर जायला बंदी होती. त्यामुळे परदेशी शिकायचं की इथेच, याचा निकाल सतराव्या वर्षीच लावावा लागायचा. काही जायचे, काही राहायचे, आणि दोघांनाही नातेवाइकांचं ऐकून घ्यावं लागायचं. काका सगळीकडे असतात.

त्याच खारकीव्हमध्ये २०२२ पर्यंत आपल्याकडचीही कितीतरी मुलं एमबीबीएस करत होती. तळघरांत दिवस काढून, मैलोन्‌मैल चालत सरहद्द गाठून ती परतली. त्यातली अनेक मुलं पुढे जॉर्जियाला नाहीतर उझबेकिस्तानला जाऊन उरलेली वर्षं पुरी करायला लागली. आणि गाझात २०२४ मध्ये बारावीची परीक्षाच होऊ शकली नाही, सुमारे ३९ हजार मुलं तिला मुकली. परीक्षा घ्या, आम्हाला पुढे शिकायचंय, असं तिथली मुलं तंबूत बसून म्हणत होती. इतकं लांब कशाला, ७ मेला आपल्या पूंछमध्ये भर वस्तीत तोफगोळे पडले, शाळकरी मुलं गेली. त्या गावातही यंदा बारावी झालेली मुलं आहेत आणि त्यांनाही कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच हे प्रश्न आहेतच.

‘बघ, त्यांच्यापेक्षा तुझं बरं’ असं म्हणण्यासाठी हे लिहिलं नाही. दुःखाची अशी वजनं करणं मला आवडत नाही. मला एवढंच दाखवायचंय की युद्धाच्या अगदी मधोमध बसलेल्या मुलांना ब्रँच निवडण्याची लाज वाटत नाही. लाज बहुतेक वेळा लांबून बघणाऱ्यांना वाटते आणि ते ती दुसऱ्याला देऊन टाकतात.

आता काका. काकांवर मी रागावलेली नाही, त्यांनाही भावाची काळजी आहे आणि काळजीतून माणूस मोठमोठं बोलतो. साताऱ्याला हे नवीन नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या एकाच गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, तेव्हापासून तुमच्या भागात ‘फौजीच्या घरातलं पोर’ म्हणजे काय करणार हे लोकांनी ठरवून टाकलेलं असतं. पण त्याच घरांतून शिक्षक झाले, नर्स झाल्या, फौंड्रीवालेही झाले. तेव्हा काकांचं वाक्य बाजूला ठेव आणि स्वतःला विचार: पप्पा सीमेपासून दूर, साध्या पीस पोस्टिंगला असते, सगळं शांत असतं, तरी मी एनडीएचा फॉर्म भरला असता का?

हो असेल तर अवश्य भर. मुदत तेवढी पाळ. २०२५ च्या ३० मेला खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या १७ मुली तीन वर्षं पुरी करून बाहेर पडल्या. तो दिवस बघायला मिळाला याचा मला फार आनंद झाला. पण उत्तर नाही असेल, तर वडिलांच्या काळजीवर उतारा म्हणून ती वाट धरू नकोस. लेखी परीक्षा निघेल एकवेळ. पुढे एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत असते, आणि ‘काकांनी सांगितलं’ हे कारण तिथे बसलेल्या लोकांना पहिल्याच दिवशी कळतं.

काकांचं तोंड बंद करायचं असेल तर त्यांना सांग की आयएनएस विक्रांतचं पोलाद हैदराबादच्या संरक्षण संशोधनवाल्या धातुशास्त्रज्ञांनी आपल्या सरकारी पोलाद कारखान्यांना बरोबर घेऊन घडवलं, आणि नौदलाला लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी प्रयोगशाळा आपल्या अंबरनाथलाच आहे. हे फक्त काकांसाठी. तुला मेटलर्जीसाठी देशभक्तीचं कारण लागत नाही. भट्टी आवडते, पुरे आहे.

आजीचं म्हणणं मात्र मी इतक्या सहज बाजूला ठेवणार नाही. ती ज्याला बोट लावतेय ते खरं आहे: घरात एक बाई, सातवीतलं पोर आणि म्हातारी, आणि त्यातून हाताशी आलेली एकजण उठून जाणार. फक्त आजीने त्याच्यावर सुचवलेला उपाय चुकीचा आहे. तू साताऱ्याला बीएससी करून रोज संध्याकाळी सातला एसटीतून उतरलीस, तर मम्मीचं नेमकं कोणतं काम हलकं होईल? एक कागद घे आणि घरातली खरी कामं लिही. बँक, गॅस, भावाचा अभ्यास, आजीची औषधं, शेताचं काही असेल तर ते, रात्री सोबत. प्रत्येकापुढे नाव लिही. काही कामांपुढे काकांचं नाव येईल. फौजीच्या घराची एवढी काळजी आहे तर दर शनिवारी बाजार त्यांनी आणायला काय हरकत आहे? काही कामं भावाला जमतील, सातवीतलं पोर वाटतं तितकं लहान नसतं. आणि पुणे काही सातासमुद्रापार नाही. पुणे–मिरज मार्गावर कोरेगावला स्टेशन आहे, महिन्यातून दोन शनिवार-रविवार घरी येता येईल.

आता मम्मी. तुझ्या पत्रातलं सगळ्यात अवघड वाक्य ‘मम्मी काहीच म्हणत नाही’ हे आहे. तू त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘जाऊ नकोस’ असा लावून मोकळी झालीस. मला तशी खात्री नाही. लग्न झाल्यापासून तिने किती फिल्ड पोस्टिंगं काढली असतील, तू पोटात असताना एखादं असेल. ती गप्प आहे कारण तिला भीती वाटतेय, आणि ती भीती तुझ्या निर्णयात मिसळू नये म्हणूनही ती गप्प असेल. हे तुला तिला विचारूनच कळेल. विचारताना ‘मी जाऊ का?’ असं विचारू नकोस, कारण त्याला कुठलीही आई ‘जा’ म्हणेल आणि मग रात्रभर जागी राहील. ‘मी गेले तर तुला कशाची जास्त भीती वाटेल?’ असं विचार. उत्तर ‘रात्री फोन वाजला तर घरात कोण’ असं साधंही असू शकेल, आणि त्याच्यावर इलाज असतो. शेजारची कुणी झोपायला येते, आत्याची मुलगी वर्षभर राहायला येते. गावात अशा सोयी होतात, मागाव्या लागतात एवढंच.

आणि तो टीव्ही. आठ मेच्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं, पलीकडे सत्ताबदल झाल्याचं सांगितलं. दोन्ही खोटं निघालं. लष्करी हालचाली थेट दाखवू नका, असं सरकारला वाहिन्यांना बजावून सांगावं लागलं. ज्या घरातला माणूस तिकडे आहे त्या घरात रात्रभर हे चालू ठेवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळत बसणं आहे. पुन्हा तशी वेळ आली तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आकाशवाणीच्या बातम्या ऐका, बाकी वेळ सेट बंद. पप्पांबद्दल जे काही कळायचं ते वाहिनीवरून कळणार नाही, युनिटकडून कळेल. मम्मीची झोप गेली असेल, जेवण तुटलं असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा, मनाच्या त्रासावर मदत करणारा, सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि फौजेतल्या लोकांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष पुण्याला एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजात आहे. तो नंबर तुलाही चालतो.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, पण पत्रभर तोच आहे. काही झालंच तर?

तर त्या दिवशी जे करावं लागेल ते त्या दिवशी ठरवायचं. घेतलेला प्रवेश रद्द करता येतो. वर्षाची गॅप घेता येते. पुण्याहून रातोरात घरी येता येतं. यातलं प्रत्येक पाऊल नंतर उचलता येण्यासारखं आहे. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सामाईक प्रवेशाच्या, फेऱ्या मात्र तुझ्यासाठी थांबणार नाहीत, आणि मुदतीत न भरलेला फॉर्म कुणी मागाहून भरून घेत नाही. म्हणून जे नंतर बदलता येतं ते आत्ता धीटपणे कर.

फॉर्मबद्दल काही गोष्टी फौजीच्या मुलीला माहीत असायला हव्यात, आणि त्या सांगायला बहुतेक घरी कुणी नसतं, कारण सांगणारा माणूस सीमेवर असतो. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत. पप्पा सेवेत आहेत आणि महाराष्ट्राचे रहिवासी आहेत, म्हणजे तू ‘डिफेन्स-दोन’ या गटात येतेस. माजी सैनिकांची मुलं ‘डिफेन्स-एक’मध्ये जातात, तिथे चुकून टिक करू नकोस. यासाठी पप्पा सेवेत असल्याचा दाखला आणि पप्पांच्या नावाचं अधिवास प्रमाणपत्र लागतं. तुझ्या नावाचं अधिवास वेगळं. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि तू ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीमध्ये येत असशील, तर २०२४ च्या निर्णयाप्रमाणे मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी सरकार भरतं, त्याचा दाखलाही आत्ताच काढून ठेव. जेईई मेन दिली असशील तर पुण्यात दिघीचं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी लष्करातल्या लोकांच्या मुलांसाठीच आहे, तेही बघ, मात्र तिथे तुझी ब्रँच आहे का ते आधी तपास. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मार. सैनिकांच्या मुलींची वसतिगृहं कुठे आहेत आणि जागा कशा मिळतात ते तिथे कळेल. पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळवून देतो असं सांगून कुणी पैसे मागायला आलं तर दारातूनच परत पाठव. ती माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या मुलांसाठी आहे, तुझ्यासाठी आत्ता नाही.

सीईटीचा निकाल लागू दे. मग पसंतीक्रम भरायचा. पहिल्या क्रमांकाची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर ती घ्यावीच लागते, म्हणून तो क्रम लिहिताना तुझ्या डोक्यात पाच मेची संध्याकाळ असू दे. सीओईपीला मेटलर्जी मिळायला पर्सेंटाइल चांगलं वर लागतं, मिळेलच असं मी म्हणत नाही. खाली इतर कॉलेजं टाक, कराडचं सरकारी इंजिनिअरिंगही टाक, चांगलं कॉलेज आहे आणि घरापासून जवळ आहे. पर्सेंटाइलमुळे कराड मिळालं तर आनंदाने जा. आजीच्या भीतीमुळे ते सीओईपीच्या वर चढवू नकोस.

राहिले पप्पा. ते दर फोनला विचारतात, पुढचं काय ठरवलंस, आणि तू ‘बघू’ म्हणून विषय संपवतेस. तुला वाटतं, तिकडे एवढं चाललंय, यांना माझं कशाला सांगू. अगं, दिवसभर बंकरात बसलेल्या माणसाला तिथलं सगळं दिसतच असतं. त्याला घरचं ऐकायचं असतं. दोन मिनिटांच्या फोनमध्ये ‘बघू’ ऐकून तो माणूस रात्रभर विचार करत राहतो की घरी काय बिनसलंय, पोर काय लपवतेय. टक्के सांग. गणितात किती, केमिस्ट्रीत किती, तेही सांग. मेटलर्जी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला लागेल, तर सांग. दोन मिनिटं त्यातच गेली तर जाऊ देत.

आणि त्यांना एक काम दे. तो सेवेचा दाखला युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या सहीने लागतो. पप्पा पुढे असले तरी युनिटचं मागे राहिलेलं ऑफिस चालू असतं. तुम्ही घरात त्याला ‘रिअर’ म्हणत असाल. तिथल्या क्लार्कला सांगून ते दाखला काढून घेऊ शकतात. सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत त्याचा ठरावीक नमुना आहे, तोच डाउनलोड करून पाठव, साध्या लेटरहेडवरचा दाखला कागदपत्रं तपासताना परत येतो. नाव तुझ्या मार्कशीटवर आहे तसंच हवं. तयार झाला की आधी फोटो मागव, सही आणि गोल शिक्का दोन्ही स्पष्ट दिसतायत ना ते बघ, आणि मगच मूळ कागद पोस्टाने पाठवायला सांग. पोस्टाला तिकडून वेळ लागतो, त्यामुळे पुढच्या फोनलाच सांगून टाक.

तुझी,
मावशी